कंबुज देशातील पाषाणमंदिरे

(जिल्हा ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या विषयासंबंधी प्रारंभीच एक खुलासा करणे मला आवश्यक वाटते. मी इतिहासाचा संशोधक नाही, पुरातत्त्वाचा तर नाहीच नाही. कला शाखेची पदवी घेऊन मी माहिती खात्यात आलो आणि गेली अठरा वर्षे शासनाने काय केले हे लोकांना सांगण्याचे काम करीत आलो. त्यामुळे अंगकोरच्या मंदिरांसंबंधी मी जे सांगणार आहे ते एका प्रवाशाने पाहिलेले, आणि पाहून आल्यावर वाचून पडताळलेले, एवढेच त्याचे मोल आहे.

२०२४ च्या जानेवारी महिन्यात मी आणि माझी पत्नी असे दोघेच कंबोडियाला गेलो. मुंबईहून बँकॉकमार्गे सिएम रीप या गावी पोहोचलो. तेथील नवा विमानतळ २०२३ च्या ऑक्टोबरात सुरू झालेला असून तो गावापासून बराच दूर आहे. गावाकडे जाणारा रस्ता सपाट भातशेतीतून जातो. मध्येच ताडाची झाडे, खांबांवर उभारलेली लाकडी घरे, घराखाली बांधलेली गुरे. आमच्या गाडीचालकाने वाटेत एका इमारतीकडे बोट दाखवून ‘साला’ असे म्हटले. मला क्षणभर काही उमगेना. ती शाळा होती! शाळेला ते ‘साला’ म्हणतात आणि शिक्षकाला ‘क्रू’, म्हणजे गुरू. ‘अंगकोर’ हा शब्दही ‘नगर’ या शब्दाचेच रूपांतर होय. पहिल्या अर्ध्या तासातच असे शब्द कानी पडल्यावर माझी छाती फुगली नसती तरच नवल. आपल्या संस्कृतीचा एक हरवलेला वाडा पाहायला आपण निघालो आहोत, अशा थाटात मी दुसऱ्या दिवशी पहाटे बाहेर पडलो.

आमचा वाटाड्या पन्नाशीचा, कृश आणि मितभाषी गृहस्थ होता. त्याने आम्हां दोघांनाही ‘बोंग’ म्हणून संबोधले. हा शब्द थोरल्या भावाला चालतो आणि थोरल्या बहिणीलाही. मी त्याच्याहून वयाने लहान होतो. परंतु पाहुण्याला मान देण्याची ती रीत असावी.

अंगकोर वाटचे मंदिर बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसरा सूर्यवर्मन या राजाने विष्णूसाठी बांधविले. सभोवती सुमारे १९० मीटर रुंदीचा खंदक आहे. खंदकावरील दगडी सेतू ओलांडण्यासच काही मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात अंधारातून पाच शिखरे हळूहळू आकार घेऊ लागतात. मधले शिखर जमिनीपासून सुमारे ६५ मीटर उंच आहे. आपल्याकडील बहुतेक देवळे पूर्वाभिमुख. हे मंदिर पश्चिमाभिमुख आहे. म्हणूनच सूर्योदय पाहणारे प्रवासी दारापुढे उभे असतात आणि सूर्य मंदिराच्या पाठीमागून वर येतो. विषुवदिनाच्या सुमारास तर तो बरोबर मधल्या शिखरावर उगवलेला दिसतो.

पश्चिमेच्या गोपुरात अष्टभुज विष्णूची एक भव्य मूर्ती उभी आहे. अंगावर पिवळे रेशमी वस्त्र, पुढे उदबत्त्यांचा धूर आणि फळांची ताटे. गावकरी तिला आपला रक्षक देव मानतात. मी हात जोडले आणि वाटाड्याला अभिमानाने म्हणालो, “हा आमचा विष्णू.” तो हसला नाही. शांतपणे म्हणाला, “आम्ही यांना ता रीच म्हणतो. माझी आई दर वर्षी येते.” त्यावर मला पुढे बोलण्यासारखे काही राहिले नाही.

आत गेल्यावर मी सवयीने डावीकडे वळलो, म्हणजे प्रदक्षिणेच्या वाटेने. वाटाड्याने मला हाताने थांबवून उजवीकडे वळविले. मंदिराला वेढणाऱ्या ओवऱ्यांच्या भिंतींवर जी शिल्पे कोरली आहेत ती अपसव्य क्रमाने पाहावयाची असतात, असे अभ्यासक मानतात. पश्चिमेचे मुख आणि हा उलटा क्रम यांवरून हे मंदिर राजाचे स्मारकही असावे असा तर्क काहींनी केला आहे. पश्चिम ही विष्णूची दिशा म्हणून असेही काहींचे म्हणणे आहे. तो वाद पंडितांवर सोपवून मी मुकाट्याने उजवीकडे चालू लागलो.

त्या ओवऱ्यांसंबंधी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. पहिलेच शिल्प कुरुक्षेत्राचे. दोन टोकांकडून दोन सेना शिस्तीत चालत येतात आणि मध्यावर त्यांची अशी काही गर्दी होते की हत्ती कोणाचा, रथ कोणाचा, कळेनासे होते. शरशय्येवर पडलेले भीष्म तेथे आहेत. माझ्या पत्नीने त्यांना माझ्या आधी ओळखले. पुढे दक्षिणेच्या ओवरीत खुद्द राजा सूर्यवर्मन आपल्या सेनेसह निघालेला दिसतो आणि त्यानंतर यमाचा दरबार लागतो. तेथे चित्रगुप्त आहेत, स्वर्ग आहेत आणि नरकही आहेत. नरकांपाशी लहान लेख कोरून कोणत्या पापाला कोणती शिक्षा हे नोंदविले आहे. शासकीय सेवेतील माणसाने तेथे फार वेळ थांबू नये!

पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथन आहे. जवळजवळ पन्नास मीटर लांबीचे हे एकच दृश्य. एका बाजूस ९२ असुर, दुसऱ्या बाजूस ८८ देव, मध्ये कूर्माच्या पाठीवर मंदार पर्वत आणि त्यापुढे विष्णू. ओढणाऱ्यांच्या रांगेत सारखेपणा आहे, आणि त्यातच या शिल्पाचे बळ आहे. शंभरावा देह पहिल्यासारखाच ताणलेला. कारागीर कोठेही कंटाळलेला दिसत नाही. खाली पाण्यात मासे आणि मगरी आहेत; दोरीच्या जवळ आलेल्या मासळीचे मंथनाच्या वेगाने तुकडे झालेले दाखविले आहेत. कोण्या कोळ्याच्या मुलाच्या हातात ती छिन्नी असली पाहिजे, असे मला वाटले. जवळच तोन्ले साप नावाचे प्रचंड सरोवर आहे. पावसाळ्यात मेकाँग नदीला पूर आला की सरोवरातून निघणारी नदी उलटी वाहू लागते आणि सरोवर कित्येक पटींनी पसरते. मासे आणि भात यांवर या राज्याचे पोट चालत असे.

एका चुकीचीही कबुली द्यावयास हवी. एका अप्सरेचा हात हजारो स्पर्शांनी काळाभोर, गुळगुळीत झाला होता. माझा हात नकळत तिकडे गेला. वाटाड्याने काही न बोलता डोके हलविले. खात्याच्या पत्रकांतून ‘प्राचीन वास्तूंना स्पर्श करू नये’ हे वाक्य मी किती वेळा लिहिले असेल! ते आपल्यासाठी नसते, अशी लिहिणाराचीही समजूत असते.

त्या दिवशी मंदिराच्या सर्वांत वरच्या मजल्यावर जाता आले नाही. बौद्धांचा पवित्र दिवस असल्याने तो बंद होता. मंदिर विष्णूचे, पण गेली कित्येक शतके तेथे बौद्ध भिक्षूंचा वास आहे. १८६० मध्ये आंरी मूओ हा फ्रेंच प्रवासी तेथे पोहोचला आणि त्याच्या लेखनामुळे युरोपला अंगकोर ठाऊक झाले. म्हणून त्याने अंगकोरचा ‘शोध’ लावला असे पुष्कळदा लिहिले जाते. परंतु जेथे पूजाअर्चा अखंड चालू होती ते स्थळ हरवले होते असे कसे म्हणावे?

दुसऱ्या दिवशी आम्ही अंगकोर थोम या नगरात गेलो. सातवा जयवर्मन ११८१ मध्ये गादीवर बसला. त्यापूर्वी, ११७७ मध्ये, चाम लोकांनी स्वारी करून राजधानी लुटली होती. नव्या राजाने प्रत्येक बाजूस तीन किलोमीटर लांबीची तटबंदी असलेले नगर उभारले. तटाच्या दारांपुढील सेतूंवर पुन्हा देव आणि असुर नाग धरून बसलेले आहेत, एकेका बाजूस ५४. नगराच्या मध्यभागी बायोन हे बौद्ध मंदिर आहे आणि त्याच्या शिखरांवर चारी दिशांना पाहणारे प्रचंड दगडी चेहरे आहेत. छायाचित्रांतून हे चेहरे सर्वांच्या परिचयाचे झाले आहेत, म्हणून मी त्यांच्याविषयी बोलत नाही. खालच्या ओवऱ्यांतील भिंती मात्र आपण पाहाव्यात. तेथे बाजार भरला आहे, बायका विक्रीला बसल्या आहेत, कोंबड्यांची झुंज लागली आहे, एक बाई बाळंत होत आहे, रांधपाचे काम चालले आहे. राजेरजवाड्यांच्या युद्धांखालच्या पट्टीत हे सारे कोरलेले आहे. १२९६ मध्ये आलेल्या झोऊ दागुआन या चिनी वकिलातीतील माणसाने येथील बाजारातला व्यवहार बायकाच करतात असे नोंदविले होते.

या राजाने आपल्या मातेच्या स्मृत्यर्थ ११८६ मध्ये स्थापिलेले ता प्रोम हे मंदिर झाडांच्या मुळांनी कवटाळलेले म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील संस्कृत शिलालेखाने मला, माझ्या व्यवसायामुळे असेल, अधिक खिळवून ठेवले. मंदिराच्या सेवेला ३,१४० गावे लावून दिली होती. ७९,३६५ माणसे त्या सेवेत होती. ६१५ नर्तकी होत्या. आणि राज्यात १०२ आरोग्यशाळा होत्या, असे त्यात सांगितले आहे. मित्रहो, शिलालेख म्हणजे त्या काळचे प्रसिद्धिपत्रकच! राजाला प्रजेच्या व्याधी स्वतःच्या व्याधींहून अधिक क्लेश देतात, असा भाव आरोग्यशाळांच्या लेखांत आहे. असली वाक्ये मीही लिहितो, त्यामुळे ती वाचताना मी जरा सावध असतो. परंतु या आरोग्यशाळांची प्रार्थनामंदिरे आणि त्यांचे लेख प्रत्यक्षात अनेक ठिकाणी सापडले आहेत. अंगकोर थोमच्या उत्तरेस अशाच एका आरोग्यशाळेच्या जागी २०१७ मध्ये उत्खनन चालू असताना माणसाच्या उंचीची द्वारपालाची मूर्ती निघाली. तेव्हा हे पत्रक निदान बव्हंशी खरे होते असे म्हणावयास हरकत नाही. त्या ३,१४० गावांतील लोकांना काय वाटत होते, त्याचा लेख मात्र कोणी कोरला नाही.

ता प्रोमच्या जीर्णोद्धारात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग २००३ च्या सुमारापासून कंबोडियाच्या अप्सरा प्राधिकरणाबरोबर काम करीत आला आहे. तेथील कोसळलेला नृत्यमंडप पुन्हा उभा राहिला आणि २०२२ च्या नोव्हेंबरात भारताच्या उपराष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याआधी १९८६ ते १९९३ या काळात आपल्याच विभागाने अंगकोर वाट येथे काम केले. तो काळ यादवीचा होता. जवळपास दुसरे कोणी तेथे येण्यास तयार नव्हते. त्या कामावर पुढे टीकाही झाली. दगड स्वच्छ करण्यासाठी वापरलेली रसायने आणि सिमेंट यांना अनेक तज्ज्ञांनी आक्षेप घेतला. मला वाटते, दोन्ही गोष्टी एकाच श्वासात सांगितल्या पाहिजेत. आपली माणसे धोका पत्करून तेथे गेली हे खरे, आणि आज कोणी त्या पद्धतीने दगड धुणार नाही हेही खरे.

येथे बांधकामाविषयी दोन शब्द. श्रोत्यांत कोकणातील मंडळी असतील तर त्यांना ऐकून आनंद होईल की या सर्व मंदिरांच्या पोटात जांभा आहे. बाहेरून दिसणारा कोरीव दगड वालुकाश्म. तो कुलेन डोंगरातून आणलेला. त्या डोंगरालाच महेंद्रपर्वत म्हणत आणि दुसऱ्या जयवर्मनाने ८०२ मध्ये तेथेच आपले चक्रवर्तित्व घोषित केले असे मानले जाते. पाया, तट आणि आतील भराव मात्र जांभ्याचा. चुन्याचा उपयोग न करता दगडावर दगड घासून सांधे बेमालूम केलेले आहेत. आपल्या हेमाडपंती देवळांची आठवण व्हावी अशीच ही रीत. खरी कमान त्यांनी वापरली नाही; दगड पुढे पुढे सरकवीत छत मिटवून घ्यावयाचे, म्हणून ओवऱ्या अरुंद राहिल्या. राहती घरे, राजवाडेसुद्धा, लाकडाचे होते. ते सारे नाहीसे झाले.

पायाखाली वाळू आहे. ती ओली आहे तोपर्यंत हा भार तोलला जातो असे तज्ज्ञ सांगतात. पर्यटकांसाठी हॉटेले वाढली, भूजलाचा उपसा वाढला, आणि मंदिरांच्या स्थैर्याची चिंता निर्माण झाली. म्हणून प्राधिकरणाने जुने कालवे आणि तलाव पुन्हा वाहते करण्याचे काम हाती घेतले. शतकानुशतके कोरडा पडलेला जयतटाक आज पुन्हा भरतो. पश्चिमेकडील तलाव तर आठ किलोमीटर लांब आहे. विहिरी आटण्याचे दुःख जाणणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील माणसाला तेथे उभे राहिल्यावर देवळाहून तलावच मोठा वाटतो.

तिसऱ्या दिवशी आम्ही बांतेय स्रेई येथे गेलो. ९६७ मध्ये प्रतिष्ठापना झालेले हे लहानसे शिवमंदिर राजाने बांधलेले नाही. यज्ञवराह नावाच्या विद्वान राजगुरूने ते बांधविले. गुलाबी छटेच्या वालुकाश्मावरील कोरीव काम चंदनावर केल्यासारखे आहे. तेथे रावण कैलास हलवीत आहे. वेरूळच्या कैलास लेण्यातील तो प्रसंग आपण सर्वांनी पाहिला आहे. तेथे रावण खालच्या अंधाऱ्या पोकळीत आहे आणि वरचा पर्वत खरोखरीच त्याच्यावर दडपलेला वाटतो. येथे पर्वत पायऱ्यापायऱ्यांचा आहे, पायऱ्यांवर ऋषी आणि सेवक भयभीत झाले आहेत, खाली हत्ती आणि सिंह पळत आहेत, उमा शिवाला बिलगली आहे. वेरूळला भय आहे, येथे लगबग आहे. कोणते श्रेष्ठ, असे पत्नीने विचारले. मी वेरूळ म्हणालो. परतीच्या वाटेवर त्याचा विचार करताना माझी खात्री तितकीशी राहिली नव्हती.

या मंदिरातील मूर्ती १९२३ मध्ये आंद्रे मालरो या फ्रेंच तरुणाने चोरल्या होत्या. तो पकडला गेला, मूर्ती परत आल्या. पुढे तो मोठा लेखक आणि फ्रान्सचा सांस्कृतिक मंत्री झाला. अलीकडचे प्रकरण याहून मोठे आहे. को केर येथील प्रासात चेन मंदिरात भीम आणि दुर्योधन गदायुद्धासाठी समोरासमोर उभे होते. यादवीच्या काळात चोरांनी त्या मूर्ती घोट्यापाशी तोडून नेल्या. चौथऱ्यांवर केवळ पावले राहिली. पुढे दुर्योधन न्यूयॉर्कला लिलावात निघाला, तेव्हा त्या पावलांनीच साक्ष दिली. २०१४ मध्ये दोघेही मायदेशी परतले.

आता ज्या स्थळाविषयी मला आज मुख्यतः बोलावयाचे होते ते स्थळ. अंगकोर थोममध्ये बाफुओन नावाचे अकराव्या शतकातील शिवमंदिर आहे. ते आतून वाळूच्या भरावावर उभे असल्यामुळे ढासळत होते. फ्रेंच तज्ज्ञांनी १९६० मध्ये असे ठरविले की मंदिर पूर्ण उतरवावयाचे, आत नवा आधार द्यावयाचा आणि पुन्हा चढवावयाचे. सुमारे तीन लाख दगड उतरवून भोवतालच्या रानात मांडून ठेवले. कोणता दगड कोठला याचे दप्तर तयार केले. त्यानंतर युद्ध आले, काम थांबले. १९७५ मध्ये ख्मेर रूज सत्तेवर आले आणि ते दप्तर नष्ट झाले. मंदिर रानात तीन लाख तुकडे होऊन पडले. १९९५ मध्ये काम पुन्हा सुरू झाले तेव्हा जुनी छायाचित्रे, मोजमापे आणि प्रत्यक्ष दगड एवढाच आधार होता. चुना नाही, म्हणून प्रत्येक दगड आपल्या शेजाऱ्याशीच जुळतो, दुसऱ्याशी नाही. सोळा वर्षांनी, २०११ मध्ये, मंदिर पुन्हा उभे राहिले.

बाफुओनच्या उंच पायऱ्या उतरल्यावर पश्चिमेच्या बाजूस आम्ही झाडाखाली बसलो होतो. अजूनही काही दगड गवतात पडलेले आहेत. इतका वेळ मोजके बोलणारा आमचा वाटाड्या स्वतःहून बोलू लागला. त्याचे वडील पहिल्या तुकडीत, दगड उतरविणाऱ्यांत, मजूर होते. त्याला ते आठवत नाहीत. त्याच्या जन्मानंतर काही महिन्यांतच त्यांना नेले आणि ते परत आले नाहीत. १९९५ मध्ये माणसे हवी आहेत असे कळले तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. तो दगड चढविणाऱ्यांत लागला. सात वर्षे त्याने ते काम केले. “कधी कधी दगडाच्या खालच्या बाजूला जुन्या खडूची खूण निघायची,” तो म्हणाला, “कोणाच्या हाताची ते कळत नसे.” आणि मग, “बोंग, पहिल्या दिवशी तुम्ही म्हणालात, हा आमचा विष्णू. म्हणा. त्याचे मला वाईट वाटले नाही.”

मी काही उत्तर दिले नाही. माझ्या हाती त्या वेळी पाण्याची बाटली होती; ती मी त्याच्यापुढे केली, एवढे आठवते.

वेळ होत आला आहे. ज्यांना जावयाचे असेल त्यांच्यासाठी थोडी माहिती. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सुखाचा. मे ते ऑक्टोबर पाऊस असतो. आमच्या वेळी तीन दिवसांचे प्रवेशपत्र ६२ अमेरिकी डॉलरचे होते. एका दिवसात अंगकोर पाहण्याचा हट्ट कोणी धरू नये. खांदे आणि गुडघे झाकणारा पोशाख असावा. उन्हाने थकवा फार येतो, म्हणून पहाटे निघून दुपारी विसावा घ्यावा. पायऱ्या उभ्या आहेत. गुडघेदुखी असलेल्यांनी खालच्या ओवऱ्या पाहिल्या तरी प्रवास सार्थकी लागेल. आणि वाटाड्या स्थानिकच घ्यावा.

छायाचित्रे मागच्या टेबलावर मांडली आहेत. समुद्रमंथनाचे चित्र थोडे हलले आहे, त्याबद्दल क्षमस्व.